पिल्लू पुन्हा पडद्यावर: मांजराच्या पिल्लाचा उच्छाद थांबून परत सुरू होत असेल तर काय तपासायचं

लक्षणं

- पडद्याला खालपासून दांडीपर्यंत ओढलेले धागे. वर लोंबकळणारं पिल्लू, आणि उतरता येत नाही म्हणून त्याची ओरड.
- सोफ्याचा एकच कोपरा फाटून आतला स्पंज बाहेर.
- पहाटे चार-पाचला घरभर धावाधाव, नाहीतर पांघरुणात हललेल्या पायाच्या बोटांवर झडप.
- चालताना पोटरीला मिठी, कधी थेट पायजम्यावरून मांडीपर्यंत चढाई.
- फळीवरची वस्तू पंजानं टिचकी मारत कडेपर्यंत आणायची, पाडायची आणि मग तुमच्याकडे बघायचं.
- ओटा, कुंडीतली माती, चार्जरची वायर.
- ओरडलं, पाणी मारलं, खोलीत कोंडलं की दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. थांबून परत सुरू होतंय याचा अर्थ चढण्याचं कारण जागच्या जागी आहे, फक्त तुमच्यासमोर चढणं बंद झालंय. कारण शोधायचं तर खालच्या क्रमानं जा. आधी फुकटातल्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी डॉक्टर. बहुतेक घरांत गाडी पाचव्या पायरीच्या पुढे जात नाही, पण लोक सुरुवातच महागड्या कॅट ट्रीनं (मांजराला चढायला-बसायला फळ्या असलेला उंच मनोरा) करतात.

वयाचा हिशेब डोक्यात असू द्या. दोन महिन्यांच्या पुढे पिल्लाचं वस्तूंशी खेळणं झपाट्यानं वाढतं. तीन ते सात महिने हा खरा धुमाकुळाचा काळ, आणि वर्ष-दीड वर्षात बरंच निवळतं. चढणं, ओरबाडणं, दबा धरून झडप घालणं हे बंद करता येत नाही. ते कुठे आणि कधी व्हावं एवढंच आपल्या हातात असतं.

सुरुवातीची दहा मिनिटं

खिडक्यांना घट्ट जाळी आहे ना? शिवणाचा दोरा, लोकर, रबरबँड, केस बांधायची रबरं कपाटात गेली का? पडद्याच्या किंवा ब्लाइंडच्या दोरीचा फास लोंबत असेल तर कापा, त्यात मान अडकते. लिली घरात नकोच. पान, फूल, परागकण, एवढंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतं. उंच पुस्तकांचं कपाट भिंतीला स्क्रूनं बांधलेलं हवं. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

१. तीन दिवसांची नोंद (खर्च: एक कागद)

चार रकाने आखा: वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय झालं, त्यानंतर तुम्ही काय केलं. कंटाळवाणं काम आहे, पण याच कागदावर निम्मं उत्तर सापडतं.

जेवणाच्या अर्धा तास आधी गोंधळ वाढत असेल तर पिल्लू भुकेलं आहे. तुम्ही दिवसभर बाहेर राहून घरी आल्यावर वाढत असेल तर ते एकटं पडलंय. तिन्हीसांजेला आणि पहाटे वाढत असेल तर त्यात बिघाड काहीच नाही, मांजराच्या शिकारीच्या वेळाच त्या.

जागेचा रकाना नीट वाचा. घरात सहा पडदे असताना दरवेळी एकच का? त्याच्यामागे पक्षी दिसणारी खिडकी असते, नाहीतर वर दिव्यापाशी घुटमळणारा किडा असतो. अशा वेळी त्या खिडकीखाली एक भक्कम स्टूल ठेवलं आणि पडदा हातभर बाजूला सारला की काम भागतं. पिल्लाला खिडकीबाहेर बघायचं असतं, पडदा ही त्याच्या दृष्टीनं निव्वळ शिडी.

२. तुमची प्रतिक्रिया

चौथ्या रकान्यात "ओरडलो", "धावत गेलो", "उचलून घेतलं" असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर कारण तिथेच आहे. कंटाळलेल्या पिल्लाला तुमचं ओरडत येणं म्हणजे करमणूक. वस्तू पाडून तुमच्याकडे बघतं ते त्यासाठीच.

पाण्याचा फवारा फसतो तो वेगळ्या कारणानं. पडदा वाईट हे पिल्लू त्यातून शिकत नाही. तुम्ही खोलीत असलात की पाणी अंगावर येतं, एवढंच शिकतं. मग तुम्ही नसताना चढतं आणि तुमच्या हाताला बिचकायला लागतं. फटका मारणं, मानगुट धरून लटकवणं यांचा परिणाम याहून वाईट.

त्याऐवजी आवाज न करता जवळ जा. एक तळवा पिल्लाच्या मागच्या बाजूखाली घ्या आणि त्याला किंचित वर आणि पडद्याकडे सरकवा, म्हणजे नखं आपोआप सुटतात. मांजराची नखं आकड्यासारखी मागे वळलेली असतात. त्यामुळे वर चढणं सोपं, पण डोकं खाली करून उतरताना ती पकड देत नाहीत. खाली ओढलंत तर आकडा आणखी रुततो. त्यात कापड फाटतं, प्रसंगी नखही उचकटतं. पोटरीवर लटकलेल्या पिल्लाच्या बाबतीत हेच: पाय झटकू नका, थिजल्यासारखे उभे राहा. हात चावत असेल तर हात मागे न घेता जरासा त्याच्या तोंडाकडे ढकला. पळणारी शिकार जबड्याकडे येत नसते, त्यामुळे ते गोंधळून सोडतं.

सोडवलं की न बोलता त्याच्या ओरबाडण्याच्या खांबापाशी (सहावी पायरी) ठेवा. स्वतःहून खांबावर पंजा टाकला तर खाऊचा दाणा लगेच द्या, एक-दोन सेकंदांच्या आत. उशिरा दिलेला दाणा त्याच्या लेखी भलत्याच कामाचं बक्षीस ठरतो.

इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. लक्ष देणं बंद केलं की पहिले चार-पाच दिवस पिल्लू जास्त दंगा करतं, कारण आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी झालेली असते. सहाव्या दिवशी घरातलं कोणीतरी वैतागून ओरडतं, आणि पिल्लाला कळतं की जरा जास्त ताणलं की काम होतं. दुखणं परत परत उलटतं ते यामुळे. घरातल्या सगळ्यांनी किमान दोन आठवडे एकच नियम पाळायचा. ते जमणार नसेल तर सुरूच करू नका.

३. नखं (पाच मिनिटं, एक नेलकटर)

टोकं बोथट असली की कापडात कमी रुततात, पडद्यावरून पिल्लू घसरतं आणि चढण्यातली मजा ओसरते. पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी साधारण अठरा नखं असतात. पुढच्या पंजाचं आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं वर असलेलं नख हमखास विसरलं जातं, आणि कापडात पहिलं अडकतं तेच.

पहिला आठवडा कापायचं नाही. जेवून पेंगुळलेलं असताना पंजा हातात घ्यायचा, हलकं दाबायचं, सोडायचं, दाणा द्यायचा. नंतर अंगठा वर आणि बोट खालच्या गादीवर ठेवून दाबलं की नख बाहेर येतं. आत गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबून टोकाचा एक-दीड मिलिमीटर आकडा तेवढा छाटा. नख काळं असून शीर दिसत नसेल तर त्याहून कमी. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालतील. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोरची चिमूट लावून दोन मिनिटं दाबून धरा. दर दहा ते चौदा दिवसांनी हे करावं लागतं.

नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा उपाय नव्हे. तीत प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं. अनेक देशांत तिच्यावर बंदी आहे.

४. जेवणाच्या वेळा

पिल्लाचं पोट लहान आणि भूक मोठी. वजनाच्या हिशेबानं त्याला मोठ्या मांजराच्या सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा खायला द्या, आणि ते पिल्लांसाठीचं असू द्या. दिवसातून दोनदा वाटी भरून ठेवणाऱ्या घरांत ओट्यावरची चोरी आणि पहाटेचे हल्ले सर्रास दिसतात.

शेवटचं जेवण झोपायच्या अगदी आधी, खेळ संपल्या संपल्या. कोरड्या खाण्यातला थोडा भाग शोधून खायला लावा. पुठ्ठ्याच्या नळकांड्याला दाण्याहून जरा मोठी तीन-चार भोकं पाडून टोकं दुमडली की पंधरा मिनिटांची कामगिरी तयार.

पहाटे उठवलं म्हणून उठून खायला द्यायचं नाही. दिलंत तर उद्या वीस मिनिटं आधी उठवेल. वेळ लावून उघडणारं भांडं मिळालं तर उत्तम, कारण मग पिल्लू तुमच्याऐवजी भांड्यापाशी टपून बसतं.

५. खेळ

"आम्ही खूप खेळवतो हो, पण दमतच नाही." बहुतेक वेळा खेळवण्याच्या पद्धतीतच चूक असते. काठीला बांधलेलं पीस पिल्लाच्या डोक्यावर गोल गोल फिरवलं जातं, नाहीतर त्याच्या तोंडावर नेलं जातं. कुठला उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडात जातो?

पीस पिल्लापासून दूर जायला हवं. जमिनीलगत सरपटवा, सोफ्याच्या पायामागे दडवा, टोक जेमतेम दिसू द्या, थांबा. थांबलेल्या क्षणी पिल्लू अंग चोरून बसतं, कान पुढे येतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मागचा भाग डावी-उजवीकडे डुलायला लागतो. ही नेम धरण्याची वेळ आहे. इथे लोक "खेळत नाही" म्हणून काठी जोरात हलवतात आणि सगळं विसकटतं. पाच-दहा सेकंद कळ काढा, झडप आपोआप येते. तीन-चार झडपांमागे एकदा तरी शिकार हाती लागू द्या, चावू द्या, मागच्या पायांनी लाथाडू द्या.

दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा ते पंधरा मिनिटं. शेवटची दोन-तीन मिनिटं पीस दमल्यासारखं संथ करा, शेवटचं पकडू द्या आणि लगेच वाटी पुढे ठेवा. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम. मध्येच काठी उचलून फोन घ्यायला गेलात तर पेटलेलं पिल्लू पुढची शिकार म्हणून तुमची घोटीच धरणार. लेझरच्या ठिपक्यात हाच दोष आहे, हाती काहीच लागत नाही. वापरायचाच तर शेवट खऱ्या खेळण्यावर करा, आणि किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका.

हाताची बोटं कधीच खेळणं करू नका. दोन महिन्यांच्या पिल्लाचं चावणं गोड वाटतं, आठ महिन्यांच्या बोक्याचं नाही.

खेळून झालं की काठी कपाटात, कारण दोरी गिळली जाते. बाकीची खेळणी सगळी एकदम बाहेर नकोत. तीन बाहेर, बाकीची पेटीत, दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल. पुठ्ठ्याचा रिकामा खोका या सगळ्यांपेक्षा सरस, हे मात्र मान्य करायला हवं.

६. ओरबाडण्याचा खांब

ओरबाडताना नखावरचं जुनं टरफल निघतं, पाठीचा कणा ताणला जातो आणि पंज्यांच्या गाद्यांमधल्या ग्रंथींचा वास त्या जागेला लागतो. "घरात खांब आहे, तरी सोफाच" अशी तक्रार असेल तर तीन गोष्टी बघा.

खांबाच्या टोकाला हातानं ढकला. डुलला तर बाद, डुलणाऱ्या खांबावर मांजर अंगाचा भार टाकत नाही. उंची मोजा. पूर्ण ताणून उभं राहता यावं इतकी, म्हणजे मोठेपणाचा विचार करून ७५ ते ९० सेंटिमीटर हवी. दुकानातले पिल्लांसाठीचे वीतभर खांब दोन महिन्यांत निकामी होतात. आणि जागा: खांब अडगळीच्या कोपऱ्यात ठेवला असेल तर तो नसल्यातच जमा. फाटलेल्या कोपऱ्याला अगदी खेटून ठेवा. दुसरा झोपायच्या जागेजवळ, कारण मांजर उठल्या उठल्या अंग ताणतं.

घरी करायचा तर १० सेंटिमीटर व्यासाचा, ८० सेंटिमीटर उंचीचा लाकडी खांब आणि खाली ४५ × ४५ सेंटिमीटरचा जाड प्लायवुडचा पाट घ्या. पाटाच्या खालून किमान तीन लांब स्क्रू. वर ८ मिलिमीटर जाडीची सिसलची (घायपाताच्या जातीच्या झाडाचा राठ धागा), नाहीतर तागाची बिनरंगाची दोरी गुंडाळा. एका वेढ्याला सुमारे ३४ सेंटिमीटर आणि वेढे साधारण शंभर, म्हणजे दोरी ३५ मीटर लागेल. वेढे एकमेकांना ठोकून घट्ट बसवा, सैल वेढ्यात नख अडकतं. खांबाला गालिचा चिकटवू नका, पिल्लू तेच शिक्षण जमिनीवरच्या गालिच्यावर वापरेल.

सोफ्याच्या कोपऱ्याला तोवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी रुंद पट्टी लावा. पंजाला चिकटपणा आवडत नाही. ओरखडे उभे नसून आडवे असतील तर खांबाऐवजी जमिनीवर पुठ्ठ्याची पाटी ठेवा. खांबाचा रोज वापर सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की तो हव्या त्या जागी न्या, पण दिवसाला वीतभरच. कॅटनिप (मांजरांना भुरळ घालणाऱ्या वासाची वाळवलेली वनस्पती) शिंपडून उपयोग झाला नाही तर नवल नको. लहान पिल्लांवर त्याचा सहसा परिणाम होत नाही, आणि काही मांजरांवर मोठेपणीही होत नाही.

७. उंची आणि पडदे

आता कॅट ट्रीचा खर्च सार्थकी लागेल. सव्वा ते दीड मीटर उंच, पाया रुंद, सर्वात वरची फळी खिडकीच्या पातळीला, आणि जागा त्याच छळलेल्या पडद्याशेजारी. भिंतीवर फळ्या लावत असाल तर रुंदी २५ ते ३० सेंटिमीटर आणि दोन फळ्यांमध्ये ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. ब्रॅकेट भिंतीत स्क्रूनं बसवायचे, चिकटपट्टीवर भरवसा नको. उडी मारताना फळीवर येणारा झटका पिल्लाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. एकदा फळी निसटली की पिल्लू परत तिकडे फिरकत नाही आणि पडदा पुन्हा जवळचा वाटू लागतो.

पडदे तीन-चार आठवडे जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर दुमडून क्लिपनं अडकवा. पहिली पकडच मिळाली नाही की चढाई सुरू होत नाही. नवे घेणार असाल तर घट्ट, गुळगुळीत विणीचे घ्या, जाळीदार आणि सैल विणीच्या कापडात नख लगेच बसतं.

८. ओटा, वायरी, कुंड्या

ओट्यावर काहीच मिळालं नाही तर फेऱ्या कमी होतात. खरकटं लगेच उचला, ठिबकणारा नळ दुरुस्त करा. तुम्ही काम करता तेव्हा बघायला बाजूला एक उंच स्टूल ठेवा, बऱ्याचदा तेवढंच हवं असतं. शेगडी तापलेली असताना आणि विझवल्यानंतर ती गार होईपर्यंत पिल्लू स्वयंपाकघराबाहेर.

वायर चावण्याचा जोर साडेतीन ते सहा महिन्यांत असतो, दुधाचे दात पडतात तेव्हा. वायरी कडक प्लास्टिकच्या नळीतून न्या, चार्जर वापर नसताना काढून ठेवा आणि चावायला रबरी खेळणं द्या. कुंडीत तोंडात मावणार नाहीत एवढे गोटे पसरा. मातीत शी-शू होत असेल तर हा खोडकरपणा नव्हे. लिटरचा (शी-शूसाठीच्या रेतीचा) ट्रे घाण आहे, लहान आहे किंवा गैरसोयीच्या जागी आहे.

९. दुसरं पिल्लू, नसबंदी

एकटं पिल्लू बारा तास बंद घरात राहत असेल तर समवयस्क जोडीदारामुळे तुमच्या पायांवरचे हल्ले खरोखर कमी होतात. चावलं की समोरचं पिल्लू उलट चावतं, आणि किती जोर लावायचा हे त्यातून कळतं. पडदे मात्र वाचतीलच असं नाही, आणि खर्च दुप्पट होतो. नसबंदी चार-पाच महिन्यांच्या सुमारास करून घ्यावीच. तिनं भटकणं, वास मारणारी पिचकारी, रात्रीचं ओरडणं आटोक्यात राहतं, पडद्यावर चढणं नाही.

कुठे थांबायचं

यापैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद करा आणि त्याच तासात पशुवैद्य गाठा:

- विश्रांतीनंतरही तोंड उघडं ठेवून धापा टाकणं.
- ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथणं आणि लघवी न होणं, विशेषतः बोक्यात.
- तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबणं. तो ओढू नका, आतडं चिरतं.
- वायर चावून शॉक बसणं. वरवर ठीक दिसलं तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं.
- उंचावरून पडणं, लिली चघळणं, माणसाची कुठलीही गोळी गिळणं. पॅरासिटामॉल मांजराला थोडंसुद्धा घातक आहे.

दोन-तीन दिवसांत दाखवावं अशी लक्षणं: भरपूर खाऊन अंगी न लागणं आणि पोट नगाऱ्यासारखं दिसणं (बहुधा जंत), सतत कान खाजवणं, कापड किंवा लिटर खाणं, शेपटीवर धावून जाणं, शांत पिल्लाचं एकाएकी चावरं होणं. दुखणं आणि खाज यांमुळेही उच्छाद होतो, आणि त्यावर खेळ-खांब काही कामाचे नाहीत.

कान मागे चपटे करून, गुरगुरत, रक्त निघेपर्यंत चावत असेल तर तो खेळ राहिला नाही. घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर वाट पाहू नका. वरच्या सगळ्या पायऱ्या सहा आठवडे नेमानं करूनही नोंदवहीतले आकडे हलले नसतील, तरी तेच. आधी पशुवैद्याकडून आजार नाही याची खात्री, मग त्यांच्या सल्ल्यानं प्राण्यांच्या वर्तनाचा तज्ज्ञ. माणसाला दात लागून रक्त आलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधल्या काळात झोपेचं औषध किंवा सुगंधी तेलांचे फवारे हे प्रयोग करू नका. त्यातली अनेक तेलं मांजरांना विषारी असतात.

जाताना नोंदीचा कागद आणि मोबाइलवर टिपलेला मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या. तपासणीच्या टेबलावर हेच पिल्लू भिजल्या मांजरासारखं गप्प बसून राहतं, आणि घरी ते काय करतं हे डॉक्टरांना पटवून देणं अवघड होतं.